थरांचं लाकडी धनुष्य: आधी पोट ठरवा, मग पाठ, मग आकार

प्रश्न थोडक्यात असा: फायबरग्लासचा एकही थर न वापरता, नुसतं लाकूड आणि बांबू चिकटवून, 28 इंच ओढीला 45 पाउंड भरेल (म्हणजे दोरी 28 इंच ओढताना 45 पाउंडांचा जोर लागेल) असं धनुष्य घरी करायचं आहे. सुतारकामाची सवय आहे. पाठीला हिकरी हे अमेरिकेतलं चिवट लाकूड बरं की बांबू? पोटाला काय लावावं? बाहू अरुंद आणि जाड ठेवावेत की रुंद आणि चपटे?

यात पाठीची चिंता आधी आणि पोटाची नंतर आली आहे. क्रम उलटा हवा.

आधी नावं स्पष्ट करू. धनुष्य हातात धरल्यावर निशाणाकडे असते ती पाठ आणि आपल्याकडे असतं ते पोट. मुठीच्या वर-खाली वाकतात ते दोन बाहू. मैदानावर त्यांना लिम्ब म्हणतात. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. आता लाकडाचा स्वभाव बघा. तंतूंच्या दिशेनं ताण सोसण्याची त्याची ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या साधारण दुप्पट असते. म्हणजे तंतू सरळ असतील तर पाठ सहसा टिकते, हार खातं ते पोट. पाठ तुटली की मोठा आवाज होतो, म्हणून सगळे तिलाच घाबरतात. पोट मात्र गुपचूप हरतं. पन्नास-शंभर बाणांनंतर दोरी उतरवावी, तर धनुष्य सरळ न होता दोरीच्या बाजूला वाकलेलंच राहतं. याला आपण ‘बाक धरणं’ म्हणू. दाब त्याहून वाढला की पोटावर नखानं ओढल्यासारख्या बारीक आडव्या सुरकुत्या दिसू लागतात. तिथले तंतू चुरगळलेले असतात आणि ते पुन्हा कधीच सरळ होत नाहीत. असं पोट असताना पाठीवर आणखी मजबूत पट्टी चिकटवली, तर पोटावरचा दाब उलट वाढतो.

उत्तर युरोपातल्या सामी आणि त्यांच्या शेजारच्या फिनो-उग्रिक भाषा बोलणाऱ्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. ते पोटाला पाइनचं लाकूड लावत, पण कुठलंही नव्हे. उतारावर कललेल्या झाडाच्या खालच्या बाजूला, वर्षानुवर्षं दाब सोसत वाढलेलं, लालसर आणि कडक लाकूड ते निवडून काढत आणि पाठीला साधा बर्च चिकटवत. पोट शोधायला कष्ट, पाठ सहज मिळेल ती. हाच क्रम आजही बरोबर आहे.

पोटासाठी जगभर ज्या लाकडांनी नाव कमावलं ती अशी: यू, ओसेज ऑरेंज, ब्लॅक लोकस्ट, लेमनवुड, आणि अलीकडच्या काही दशकांत इपे. इंग्लंडमध्ये कारागीर हिकरीची पाठ, पर्पलहार्टचा गाभा आणि लेमनवुडचं पोट असं त्रिकूट लावतात, आणि ते चांगलं जमतं. आपल्या प्रश्नासाठी माझी पहिली पसंती इपे. दक्षिण अमेरिकेतलं हे लाकूड इतकं घट्ट असतं की पुष्कळदा पाण्यात बुडतं, आणि त्याचा कडकपणा ॲश किंवा मेपलच्या पावणेदोनपट भरतो. बाहेरच्या डेकसाठी आयात केलेल्या फळ्यांमध्ये ते सापडतं. नोव्हेंबर 2024 पासून ते साइट्सच्या, म्हणजे दुर्मिळ वन्य जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणून पावती आणि कागद मागून घ्या.

आपल्याकडच्या झाडांत बघायचं तर धामण. संस्कृतात या झाडाला धन्वन म्हणतात. कुऱ्हाडीचे दांडे, कावडी आणि धनुष्यं यांसाठी धामण पूर्वापार वापरात आहे, कारण ती लवते आणि परत येते. तिवस अवजारांचं लाकूड आहे, चिवट आणि बारीक तंतूंचं. सरळ फळी मिळाली तर पोटाला चालतं, पण त्याचे तंतू पुष्कळदा एकमेकांत गुंतलेले असतात आणि रंधा मारताना चिपा उचकटतात. तुती हे ओसेज ऑरेंजच्याच कुळातलं झाड. हॉकीच्या काठ्यांना ते वापरतात. वजनानं मध्यम असल्यामुळे बाहू थोडे रुंद ठेवायचे, बाकी वागायला गुणी. सागवान पोटाला किंवा पाठीला नको. फर्निचरसाठी ते उत्तम, पण त्याचे तंतू ठिसूळ आणि मोठ्या छिद्रांचे. मुठीच्या ठोकळ्याला मात्र छान दिसतं. बाजारात सगळीकडे मिळणारं स्टीम बीच घेण्याचा मोह होतो. ते वाकतं छान, पण बाकही तितक्याच सहज धरतं. हिमालयातलं थुनेर म्हणजे आपल्याकडचं यू. ते संकटात आलेलं झाड आहे, त्याच्या मागे लागू नका. साग, खैर अशा झाडांच्या तोडीला परवानगी लागते, तेव्हा झाड तोडून आणण्यापेक्षा वखारीतून पावतीसह फळी घेणं केव्हाही शहाणपणाचं.

नावावर मात्र विसंबू नका. एकाच झाडाच्या दोन फळ्यांत दोन जातींइतका फरक पडतो. घेतलेल्या फळीच्या कडेचा 12 मिमी रुंद, 12 मिमी जाड आणि 450 मिमी लांब तुकडा कापा. 400 मिमी अंतरावरच्या दोन टेकूंवर तो ठेवा आणि बरोबर मधोमध 18 मिमी खाली दाबा. एक मिनिट धरा, सोडा, आणि पट्टीवर ठेवून मध्ये किती फट राहिली ते मोजा. 18 मिमी दाबल्यावर त्या तुकड्याच्या पृष्ठभागावर 0.8 टक्का ताण-दाब येतो (तंतू लांबीच्या तेवढे टक्के ताणले किंवा दाबले जातात), म्हणजे चालू धनुष्यात येतो तितकाच. नंतर 22 मिमी दाबून पुन्हा मोजा. तो 1 टक्का. पहिल्या दाबात अर्धा-एक मिमी फट राहिली तर लाकूड उत्तम. 3 मिमी राहिली तर ते पोटासाठी बाद. दाबायला किती जोर लागला हे वजनकाट्यावर बघितलंत तर कडकपणाही कळतो: ॲश-मेपलला 28 ते 30 किलो, चांगल्या इपेला 50 च्या आसपास. एका संध्याकाळचं काम आहे, पण हे केलं की पुढचे सगळे आकडे तुमच्या स्वतःच्या लाकडाचे होतात.

तंतू सरळ आहेत का, हे फळीच्या तोंडावरच्या रेघांवरून नेहमी कळत नाही. रेघा म्हणजे वाढीची वलयं; तंतू त्यांच्यापासून वेगळ्या दिशेनं तिरपे धावू शकतात. रंधा मारलेल्या पृष्ठभागावर फाउंटन पेनाच्या शाईचा बारीक ठिपका ठेवा. शाई तंतूंच्या वाटेनं पसरते. ठिपक्याची शेपटी फळीच्या कडेला समांतर असेल तर ठीक. कडेकडे तिरपी पळत असेल तर पाठीसाठी ती फळी नको. पोटाला थोडा तिरपेपणा खपतो, कारण दाबाखाली तंतू उचकटत नाहीत.

आता पाठ. हिकरी आणि बांबू दोन्ही पाठीवरचा ताण आरामात सोसतात, म्हणून प्रश्न ताकदीचा नाही. प्रश्न हवेचा आणि जाडीचा आहे. हिकरी दमट हवेत पाणी ओढते आणि ढिली पडते. लाकडातली ओल एक टक्क्यानं वाढली की कडकपणा साधारण 2 टक्क्यांनी आणि दाब सोसण्याची ताकद 5 ते 6 टक्क्यांनी उतरते. धनुष्याला 8 ते 10 टक्के ओल मानवते. कोकणात पावसाळ्यात हवेची आर्द्रता 85 टक्क्यांवर राहिली की उघडं लाकूड 17-18 टक्क्यांपर्यंत ओल धरतं. पुणे-नाशिककडे किंवा विदर्भात कोरड्या दिवसांत हिकरी झकास चालेल. रत्नागिरीत किंवा गोव्यात बांबूच बरा. शिवाय बांबू स्वस्त आणि घरचा.

बांबूचं बळ त्याच्या बाहेरच्या कातडीजवळ दाटलेल्या तंतूंत असतं. तो थर कधीही रंधायचा नाही. वरचा हिरवा मेणचट पापुद्रा पात्याच्या धारेनं फक्त खरवडायचा. पेरांच्या गाठी सपाट करायच्या नाहीत, पॉलिश पेपरनं नुसत्या मऊ करायच्या. जाडी कमी करायची ती आतून.

इथेच वेळूची जात महत्त्वाची ठरते, आणि कारण शुद्ध भूमितीचं आहे. पट्टी बाहेरून गोल आणि आतून सपाट. 32 मिमी रुंद पट्टी 100 मिमी व्यासाच्या बांबूतून काढली तर मधला फुगवटा 2.6 मिमी येतो. कडा 1.5 मिमी ठेवल्या तर मध्ये जाडी 4 मिमीच्या किंचित वर. तीच पट्टी 50 मिमी व्यासाच्या बांबूतून काढली तर फुगवटा 5.8 मिमी, आणि मध्ये जाडी 7 मिमीच्या पुढे! एवढी जाड बांबूची पाठ कोणत्याही पोटाला चिरडते. मानवेल भरीव आणि चिवट असला तरी बारीक असतो, आणि कोकणातला माणगाही तसाच. ते अखंड धनुष्याला किंवा बाणाच्या दांड्याला द्या. पाठीच्या पट्टीसाठी जाड भिंतीचा, किमान 4 इंची कळक शोधा. तीन ते चार वर्षांचा, पावसाळा संपल्यावर थंडीत तोडलेला घ्या. कोवळ्या बांबूत पिठूळपणा जास्त, आणि त्याला भुंगा हमखास लागतो. खाजगी जमिनीवरचा बांबू 2017 च्या दुरुस्तीनंतर वन कायद्याच्या ‘झाड’ या व्याख्येतून वगळला आहे, त्यामुळे शेतकऱ्याकडून घेणं सोपं झालं आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्यांचे चार प्रकार दिले आहेत ते त्यांच्या मालावरून: ताल, चाप, दारव आणि शार्ङ्ग, म्हणजे ताडाचं, बांबूचं, लाकडाचं आणि शिंगाचं. बांबू आणि लाकूड तिथे वेगवेगळी धनुष्यं आहेत. दोघांना एकत्र चिकटवण्याची कला सर्वांत बारकाईनं जपली ती जपाननं. तिथल्या युमी या धनुष्यात पाठीला आणि पोटाला दोन्हीकडे बांबू, मध्ये उभ्या बारीक पट्ट्यांचा गाभा, बाजूंना हाझेचं लाकूड, आणि लांबी सुमारे 221 सेंटिमीटर.

गाभ्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही, पण एक आकडा लक्षात ठेवा. कडकपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. म्हणून तीन सारख्या थरांतला मधला थर एकूण कडकपणात फक्त सत्ताविसावा हिस्सा, म्हणजे 4 टक्क्यांहून कमी भर घालतो. गाभ्यासाठी महाग लाकूड घेऊ नका. पण थरांना एकमेकांवरून घसरवणारा जोर मात्र मधोमधच सर्वांत जास्त असतो, म्हणून गाभा अगदी मऊही नको. मेपल किंवा तुती पुरे. पहिल्याच धनुष्याला तर दोनच थर ठेवा: बांबूची पाठ आणि पोट. चिकटवायचा सांधा एकच, चुकायची जागाही एकच.

आकाराकडे येऊ. बाहूच्या पृष्ठभागावर किती ताण येतो याचं सूत्र सोपं आहे: त्या जागची जाडी भागिले तिथल्या वाकाच्या त्रिज्येची दुप्पट. जाडी 12 मिमी आणि त्रिज्या 700 मिमी असेल तर 12 भागिले 1400, म्हणजे 0.86 टक्का. बहुतेक लाकडांची हद्द 0.8 ते 1 टक्क्याच्या दरम्यान असते. यात रुंदी कुठेच नाही, हे नीट पाहा. रुंदीनं ताण बदलत नाही, फक्त पाउंड बदलतात. रुंदी दुप्पट केली तर पाउंड दुप्पट. जाडी दुप्पट केली तर पाउंड आठपट आणि ताणही दुप्पट. जाडी नुसती 10 टक्क्यांनी वाढली तरी पाउंड 33 टक्क्यांनी चढतात. म्हणून पाउंड कमी पडले तर उत्तर रुंदीत शोधायचं, जाडीत नाही.

यावरूनच अरुंद की रुंद हे ठरतं. इपे ॲशच्या पावणेदोनपट कडक. इपेला 30 मिमी रुंदी पुरत असेल तर त्याच जाडीत तेवढेच पाउंड मिळवायला ॲशला 52-53 मिमी हवी. आता वजन काढा. इपेची घनता 1.1 धरली आणि ॲशची 0.68, तर दोन्ही बाहूंचं वजन जवळपास सारखंच येतं. तेव्हा हलकं लाकूड म्हणजे हलक्या दर्जाचं धनुष्य, असं बिलकूल नाही. हलक्या लाकडाचं धनुष्य अरुंद केलं की मग ते बिघडतं. फक्त इपेपेक्षा ॲश लवकर बाक धरते, म्हणून ती रुंद करून शिवाय दोन इंच लांबही ठेवायची.

छेदाचा आकार कोणता? इंग्रजी लाँगबोचा छेद रोमन डी अक्षरासारखा: पाठ जवळपास सपाट, पोट खोल आणि गोल. ब्रिटिश लाँग-बो सोसायटीच्या नियमाप्रमाणे बाहूची खोली कुठेही रुंदीच्या 5/8 पेक्षा कमी चालत नाही. तो परंपरेचा आणि स्पर्धेचा आकार आहे, आणि सुंदरही आहे. पण गोल पोटात सगळा दाब मधल्या अरुंद पट्ट्यावर एकवटतो. अमेरिकेत 1930 च्या दशकात क्लॅरन्स हिकमन या भौतिकशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोजमापं घेऊन दाखवलं की चपटा आयताकृती छेद तेच लाकूड जास्त चांगलं वापरतो. परंपरेचं बंधन नसेल तर चपटंच करा, आणि कडा 3-4 मिमी गोल करा. बांबूची पाठ पोटाहून फारच बळकट वाटली, तर पाठ पोटापेक्षा 3-4 मिमी अरुंद करा, म्हणजे छेद समलंब होईल. पाठीचं थोडं बळ काढून घेतलं की पोटाला श्वास घ्यायला जागा मिळते.

समोरून दिसणाऱ्या आकाराचे मुख्य प्रकार दोन. एकात बाहू मुठीपासून टोकापर्यंत सरळ निमुळता होतो, जाडी जवळपास सारखी राहते, आणि तो वर्तुळाच्या कमानीत वाकतो. रुंद, हलक्या लाकडासाठी हा उत्तम आणि टिलरिंगला, म्हणजे खरवडून दोन्ही बाहू सारखे वाकवायला, सोपा. दुसऱ्यात अर्ध्या बाहूपर्यंत रुंदी तीच राहते, मग निमुळती होते, आणि जाडीही टोकाकडे उतरते. त्याचा वाक लंबवर्तुळासारखा, मुठीजवळ कमी आणि पुढे जास्त. इपेसारख्या कडक, अरुंद लाकडाला हा. दोन्ही प्रकारांत शेवटचे 6 इंच जितके बारीक ठेवता येतील तितके ठेवा, कारण दोरी सुटल्यावर सर्वांत वेगानं धावतं ते टोक. मुठीजवळचे 10 ग्रॅम बाणाला कळत नाहीत. टोकाचे 10 ग्रॅम त्याचा वेग खातात आणि हाताला झटका देतात.

बाजूनं पाहिल्यावर सरळ, पुढे झुकलेलं, किंवा टोकं पुढे वळवलेलं रिकर्व्ह. पहिल्या-दुसऱ्या धनुष्याला रिकर्व्ह करू नका. वळवलेलं टोक मिलिमीटरभर तिरपं असलं तरी दोरी एका बाजूला ओढते आणि बाहू पिळतो. नुसत्या लाकडाला ती पीळ सावरण्याची फायबरग्लाससारखी ताकद नसते. त्याऐवजी चिकटवतानाच टोकं 50 मिमी पुढे येतील असा संथ बाक द्या. पातळ थर वेगवेगळे सहज वाकतात आणि डिंक वाळला की त्याच आकारात बांधले जातात. हाच थरांचा खरा फायदा. साच्यातून काढल्यावर थोडं मागे येईल, बाण मारून मुरल्यावर 20-25 मिमी शिल्लक राहील. तेवढं पुष्कळ आहे. ओढीच्या सुरुवातीलाच पाउंड भरतात आणि शेवटच्या इंचांत दोरी दगडासारखी लागत नाही.

मग 45 पाउंडांचं नेमकं माप. एकूण लांबी 68 इंच, दोरीच्या एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत 66. मधले 8 इंच ताठ: 4 इंच मूठ आणि दोन्हीकडे बाहूकडे पातळ होत जाणारा 2-2 इंच उतार. रुंदी उतारापासून अर्ध्या बाहूपर्यंत 32 मिमी, तिथून टोकाला 12. टिलरिंगनंतर ती 30 आणि 10 वर येईल. इपेचं पोट चिकटवण्यापूर्वी उताराशी 9.5 मिमी आणि टोकाशी 6 मिमी, मध्ये जाडी एकसारखी कमी होत जाणारी. बांबूसकट उताराशी साडेतेरा मिमी भरेल. तयार धनुष्यात तिथे 12 च्या आसपास राहील. मधला दीड मिमी तुमच्या टिलरिंगचा. 68 इंचांची अखंड सरळ फळी मिळाली नाही तर दोन तुकडे मुठीत 4 इंच लांब व्ही आकाराच्या सांध्यानं जोडा. मूठ वाकत नाही, म्हणून सांधा तिथेच शोभतो.

चिकटवण्याआधी दोन्ही पट्ट्या एकाच पेटीत वाळवा. प्लायवूडच्या लांब खोक्यात जुन्या धाटणीचे दोन पिवळे बल्ब लावले की 35-40 अंश तापमान राहतं. रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. तीन दिवस ग्रॅमाचाही फरक पडला नाही म्हणजे लाकूड तयार. एक पट्टी कोरडी आणि एक ओली चिकटवली, तर पुढे सुकताना धनुष्य स्वतःच वाकतं किंवा सांधा सोडतं.

डिंक इपॉक्सीच घ्या, आणि तोही हळू वाळणारा, 24 तासांचा. पाच मिनिटांत कडक होणारा ठिसूळ असतो. पांढरा सुतारी डिंक तासन्‌तास वाकलेल्या सांध्यात हळूहळू सरकतो. साच्यातला पुढचा बाक त्यानं टिकत नाही. इपे तेलकट असतं. हॅकसॉच्या पात्याच्या दात्यांनी त्याच्या पृष्ठभागावर लांबीच्या दिशेनं बारीक ओरखडे काढा, ॲसिटोननं पुसा, फडक्यावर पिवळा-तपकिरी रंग येणं थांबेपर्यंत पुसा, आणि तासाभराच्या आत डिंक लावा. रात्रभर ठेवलंत तर तेल पुन्हा वर येतं. डिंक दोन्ही बाजूंना. मग सायकलच्या जुन्या ट्यूबची इंचभर रुंद लांब पट्टी कापून ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून गुंडाळा आणि साच्यावर दर 3 इंचांवर शिकंजे लावा. फार आवळू नका. इपॉक्सीचा सगळा रस बाहेर पिळला गेला तर सांधा उपाशी राहतो, आणि पुढे नेमका तिथेच उघडतो. ट्यूबच्या फटींतून सगळीकडून सारखे बारीक थेंब दिसले की बरोबर.

मुठीचा ठोकळा वेगळ्या दिवशी चिकटवा. तो उडून येण्याची तक्रार नेहमीची आहे, आणि दोष बहुतेक वेळा डिंकावर टाकला जातो. खरं कारण असं की उताराच्या टोकाखालचं लाकूड वाकत असतं आणि वरचा ठोकळा वाकायला तयार नसतो. उतार इतका लांब आणि पातळ करा की त्याचं टोक कागदासारखं संपेल, आणि मुठीत एकूण जाडी किमान दीड इंच ठेवा, म्हणजे तिथे मुळीच हालचाल होणार नाही.

टिलरिंग म्हणजे दोन्ही बाहू सारखे वाकेपर्यंत फक्त पोटाकडून लाकूड कमी करत जाणं. पाठीला हात लावायचा नाही. भिंतीवर चौकटी आखा, धनुष्य खुंटीवर टांगा, आधी लांब सैल दोरीनं जरा जरा ओढा, मग मुठीपासून 4 इंच अंतर राहील अशी दोरी चढवा, मग 6. प्रत्येक खरवडीनंतर 30-40 वेळा हलकं ओढा, तेव्हाच लाकूड काढलेलं दिसू लागतं. टिलरिंग जिथे थांबवायचं त्या वजनापेक्षा, म्हणजे 47-48 पाउंडांपेक्षा (मुरल्यावर ते 45 वर येतं) जास्त जोर एकदाही लावायचा नाही, मग ओढ 15 इंच असो की 25. ज्या जागी वाक जास्त दिसेल तिथे पेन्सिलीनं फुली मारा आणि ती जागा सोडून बाकी सगळीकडून काढा. बिजागरीसारखी एक जागा जास्त वाकली की वरच्या सूत्रातली त्रिज्या तिथे लहान होते आणि सुरकुत्या नेमक्या तिथे येतात. मुठीपासून सारख्या अंतरावर मोजलं असता खालच्या बाहूपाशी दोरी 3 ते 5 मिमी जवळ हवी, कारण बाण मुठीच्या मध्याच्या वरून सुटतो. कानस फक्त सुरुवातीला. शेवटची दोन-तीन मिलिमीटरांची कामं स्क्रेपरनं. इपेची धूळ नाकात जाऊ देऊ नका, ती घशाला आणि कातडीला झोंबते.

सुरकुत्या उमटल्याच तर त्या जागेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून वाक पसरवा आणि 5 ते 8 पाउंड गमवायची तयारी ठेवा. वरून धागा गुंडाळून किंवा डिंक भरून त्या जात नाहीत. बांबूच्या कडेला चिपटी उचकटली असेल तर पातळ सुपरग्लू आत सोडा, रेशमी किंवा पॉलिएस्टर धाग्यानं इंचभर घट्ट गुंडाळा, आणि ती कड किती टोकदार राहिली होती तेही पाहा. बहुतेकदा गोल करायची राहून गेलेली असते. सांधा केसाइतका उघडला तर त्यात ब्लेडचं पातं किती खोल जातं ते बघा. 2-3 मिमीच्या पुढे गेलं, तर ते धनुष्य पुन्हा ओढू नका.

दोरी डॅक्रॉन या पॉलिएस्टर धाग्याची, 45 पाउंडांना 12 ते 14 पदरी. न ताणणाऱ्या आधुनिक धाग्याचा झटका अरुंद लाकडी टोकांना सोसत नाही. टोकांवर शिंगाचा किंवा इपेचा 4 मिमी तुकडा चिकटवून त्यातच खाच काढा, बांबूत नको. बांबूत काढलेली खाच तंतू तोडते आणि तिथून पट्टी सोलत जाते. इंडियन राउंड या साध्या लाकडी-बांबूच्या धनुष्यांच्या स्पर्धाप्रकारातल्या 50 आणि 30 मीटरच्या सरावासाठी हे धनुष्य वापरणार असाल तर आधी 25-25 बाण करून किमान 200 बाण जवळून मारा आणि मगच वजन पुन्हा मोजा. पहिल्या आठवड्यात दोन-तीन पाउंड उतरतात, म्हणून टिलरिंग 47 ते 48 वर थांबवणं चांगलं.

शेवटी पॉलिश. मेण काढलेल्या लाखेच्या स्पिरिट पॉलिशचे चार-पाच पातळ हात, त्यावर पॉलियुरेथेनचे दोन, आणि टोकांच्या आडव्या छेदांना एक हात जास्त, कारण ओल सर्वांत आधी तिथून शिरते. पावसाळ्यात दोरी उतरवून, आडवं, दोन खुंट्यांवर ठेवा. भिंतीला उभं टेकवलेलं धनुष्य एका बाहूवर बाक धरतं. उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवू नका. आत 60 अंशांच्या पुढे तापमान जातं, आणि घरी वाळवलेला इपॉक्सी 50-60 अंशांवरच मऊ पडू लागतो.